व्याधिकाळी साधकाचे धैर्य

विषयप्रवेश

मनुष्यदेह हा जीवाला ज्ञानप्राप्तीसाठी लाभलेला दुर्लभ देह आहे, हे आपण निरूपणात नित्य ऐकतो. देह धडधाकट असताना हे ऐकणे सोपे असते. पण तोच देह दुर्धर व्याधीने ग्रासला, वैद्यांच्या तोंडून रोगाचे नाव ऐकू आले आणि घरातील माणसे आपल्यासमोर एकाएकी हळू आवाजात बोलू लागली, म्हणजे आजवर ऐकलेल्या निरूपणाची खरी परीक्षा सुरू होते. "मी नियमाने नामस्मरण केले, अन्य देवतांकडे गेलो नाही, मग हे मलाच का?" हा प्रश्न उपदेशी साधकाच्याही मनात उठतो. तो उठणे हा दोष नव्हे. त्याचे उत्तर शास्त्रदृष्टीने शोधणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

विचार नेमका व्हावा म्हणून मुखाच्या कर्करोगाचे उदाहरण समोर ठेवू. विदर्भात आपल्या पंथाची वस्ती मोठी आहे आणि तेथेच तंबाखू, सुपारी व चुना यांच्या खर्ऱ्याचे व्यसन खेडोपाडी पसरलेले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी खर्रा सुटलेला नाही. उपदेश घेण्यापूर्वी वीस वर्षे हे व्यसन केलेल्या एखाद्या वासनिकाच्या गालात आतून व्रण पडतो, तीन आठवडे उलटूनही तो भरत नाही, तोंड पुरते उघडेनासे होते आणि तपासणीत कर्करोग निघतो. अशा साधकाने काय विचार करावा, काय आचरावे आणि त्याच्या भोवतीच्यांनी कसे वागावे, हे क्रमाने पाहू.

व्याधी कोणाला होते?

जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ आपल्या शास्त्राचा पाया आहेत. देह हा प्रपंचाचा भाग आहे. प्रपंच कारणरूपाने नित्य असला तरी कार्यरूपाने अनित्य आहे; म्हणून जो देह घडला तो झिजणार, मोडणार व पडणार. जीव मात्र त्याहून वेगळा आहे. गालातील पेशी बिघडल्या म्हणून जीवाची योग्यता बिघडत नाही. शस्त्रक्रियेत जबड्याचा भाग काढावा लागला तर देह उणा होतो. ज्ञानाचा अधिकारी जो जीव, तो उणा होत नाही.

परंतु येथे एक सावधगिरी पाळली पाहिजे. आपले शास्त्र प्रपंचाला मिथ्या म्हणत नाही. म्हणून वेदना भास आहे, तिकडे लक्ष देऊ नको, असे रोग्याला सांगणे आपल्या सिद्धांताला धरून नाही. वेदना आहे, आणि देहाशी बांधलेला जीव ती भोगतो आहे. सिद्धांत एवढेच सांगतो की ती भोगणारा तू त्या देहाएवढाच नाहीस. पहिल्या म्हणण्यात रोग्याची वेदना नाकारली जाते. दुसऱ्यात ती मान्य करून त्याला उभे राहायला जागा मिळते. धैर्याचा आरंभ या भेदाच्या जाणिवेतून होतो.

शंका पहिली : कर्मफळ असेल तर औषध कशाला?

पूर्वपक्ष असा की व्याधी हे पूर्वकर्माचे फळ आहे आणि फळ भोगल्यावाचून सुटत नाही. मग औषधोपचार करणे म्हणजे भोग टाळणे होय.

याचे समाधान आपल्याच आचारधर्मात आहे. भूक हीसुद्धा देहाचीच पीडा आहे. तरीही सर्वज्ञांनी अनुसरलेल्या साधकाला उपाशी राहून देह टाकण्यास सांगितले नाही. भिक्षा मागून देहरक्षण करण्यास सांगितले. भिक्षान्न चवीसाठी घ्यावयाचे नसते, देह साधनेला उपयोगी राहावा म्हणून घ्यावयाचे असते. औषधही त्याच दृष्टीने घ्यावे. शस्त्रक्रिया, किरणोपचार व रासायनिक औषधे ही आज या रोगावरील मुख्य साधने आहेत. रोग लवकर ध्यानी आला तर त्यांनी रोगी पूर्ण बराही होतो. जो देह दुर्लभ म्हणून वाखाणला, तो उपाय हाती असता वाया जाऊ देणे हे वैराग्य नव्हे; तो आळस किंवा भय होय. पैशाची अडचण असेल तर २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या शासकीय योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. त्याची चौकशी रुग्णालयातच करावी.

याच शंकेची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. कर्माचा सिद्धांत ऐकलेला माणूस रोग्याकडे बोट दाखवून म्हणतो, "केले असेल काही, म्हणून भोगतो आहे." असे बोलणारा सिद्धांताचा दुरुपयोग करतो. कोणत्या कर्माचे कोणते फळ कोणाला केव्हा आले, हे जाणणारा एक परमेश्वरच सर्वज्ञ आहे. जीव अविद्येने वेढलेला आहे. दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब मांडण्याचा त्याला अधिकार नाही. कर्मविचार स्वतःला सावध करण्यासाठी आहे, दुसऱ्याला दुखावण्यासाठी नाही. दुःखिताला शब्दाने पीडा देणे ही हिंसाच होय, आणि अहिंसा हा आपल्या आचाराचा प्राण आहे.

मग खर्ऱ्याने रोग ओढवून घेतलेल्या साधकाने स्वतःविषयी काय मानावे? येथे अनुताप आणि आत्मधिक्कार यांतील फरक ओळखावा. अनुतापात माणूस दोष पाहतो, तो सोडतो, परमेश्वराला शरण जातो आणि पुढे चालू लागतो. आत्मधिक्कारात तो दोषाभोवतीच फिरत राहतो आणि त्याला परमेश्वराच्या कृपेपेक्षा आपला अपराध मोठा वाटू लागतो. हे वाटणे नम्रतेसारखे दिसले तरी ते अज्ञानच आहे. ज्याला जीवाच्या उद्धाराचाच ध्यास आहे, त्या परमेश्वराच्या कृपेला कोणत्याही जीवाचा दोष पुरून उरत नाही.

शंका दुसरी : प्रसन्न राहिल्याने रोग जातो काय?

अलीकडे रोग्याला भेटणारा प्रत्येक जण त्याला सकारात्मक राहण्याचा उपदेश करून जातो. त्यामागे बहुधा प्रेम असते. पण त्यात एक गर्भित अट असते की प्रसन्न राहिलास तर वाचशील, खचलास तर मरशील. याने रोग्यावर दुहेरी भार पडतो. आधी रोगाचा, आणि त्यावर रात्री रडू आले तर आपणच आपला मृत्यू ओढवतो आहोत या भयाचा.

वस्तुस्थिती काय आहे? जेम्स कॉइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मान या भागांतील कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास केला. मुखाचा कर्करोग याच वर्गात येतो. २००७ साली 'कॅन्सर' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. रुग्णाची मनःस्थिती चांगली असणे आणि त्याचे आयुष्य अधिक असणे, यांत त्यांना संबंध आढळला नाही. याचा अर्थ मनाची काळजी घेऊ नये असा नाही. खिन्नता इतकी वाढली की रोगी अन्न, झोप व उपचार सोडू लागला, तर त्याचे नुकसान होतेच. अशा खिन्नतेवरही औषध आहे आणि ते संकोच न करता घ्यावे. पण एका रात्रीचे अश्रू कोणाचे आयुष्य कमी करीत नाहीत, हे रोग्याला स्पष्ट सांगितले पाहिजे.

शास्त्रदृष्टीनेही हेच योग्य आहे. ज्या प्रसन्नतेचा हेतू केवळ देह टिकविणे हा आहे, ती एक प्रकारचा सौदाच होय. देह टिकला नाही की ती मोडते. साधकाची प्रसन्नता देहाच्या बरे होण्यावर टेकलेली नसते. ती परमेश्वराशी असलेल्या संबंधावर टेकलेली असते, आणि तो संबंध तपासणीच्या अहवालाने बदलत नाही.

अश्रूंविषयी आणखी एक बोलू. श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर श्रीनागदेवाचार्य दुःखाने अतिशय व्याकुळ झाले. त्या व्याकुळतेला कोणी अधैर्य म्हटले नाही. त्यांचे धैर्य दिसले ते पुढे, जेव्हा ते स्वामींच्या आज्ञेप्रमाणे रिद्धपुरी जाऊन श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवान श्रीकृष्णचक्रवर्तींनी भक्तांचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत आर्ताचाही समावेश आहे. तेव्हा कण्हणारा, हाक मारणारा मनुष्य भक्तीच्या बाहेर पडत नाही. दुःख असूनही जे करावयाचे ते करीत राहणे, याला धैर्य म्हणावे.

केशोबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. त्यांतील हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्याच्या हाती जो अवयव आला तोच त्याला हत्ती वाटला. रोग्याचेही असेच होते. वाईट दिवशी तो म्हणतो, आता सर्व दुःखच आहे. बऱ्या दिवशी म्हणतो, आता रोग गेलाच. दोन्ही वेळी त्याच्या हाती एकच अवयव असतो. आजच्या दिवसावरून सर्व आयुष्याचा निर्णय करू नये, एवढा बोध त्यातून घेतला तरी मन बरेच स्थिर होते.

शंका तिसरी : एक गंडा बांधला तर काय बिघडते?

दुर्धर व्याधीत अनन्यतेवर सर्वांत मोठा घाला येतो तो शत्रूकडून नव्हे, आप्तांकडून. बहीण कोठून तरी अंगारा आणते, सासरे नवस बोलण्याचा आग्रह धरतात आणि सर्वांचे म्हणणे एकच असते की प्राणापेक्षा नियम मोठा नाही.

याचा विचार शांतपणे करावा. देवता आपापल्या मर्यादेत फळ देतात आणि ते फळ संपणारे असते. जीवाचे बंधन तोडणे हे त्यांचे सामर्थ्य नव्हे, असा आपला सिद्धांत आहे. ज्याने परमेश्वराला आपला मानले, त्याने भयाच्या क्षणी दुसरीकडे हात पसरला तर मनाचे दोन तुकडे होतात. नवसाने गुण आला असे वाटले तरी श्रद्धा फुटते, न आला तर निराशा दुणावते. जेव्हा एका आधाराची सर्वांत अधिक गरज असते, नेमके तेव्हाच मन दहा ठिकाणी फिरू लागते. दुसरी हानी देहाची आहे. मांत्रिकाकडे, अंगाऱ्याकडे आणि अघोरी उपायांकडे गेलेले दोन-तीन महिने मुखाच्या कर्करोगात फार मोलाचे असतात. तेवढ्या अवधीत लहान व्रण गळ्यातील गाठींपर्यंत पोहोचू शकतो.

मात्र नकार देताना आप्तांचे प्रेम तुडवू नये. अंगारा आणणाऱ्या बहिणीला पाखंडी म्हणण्याने अनन्यता सिद्ध होत नाही. "तू माझ्यासाठी इतकी धावलीस, हे मी विसरणार नाही; पण माझा आधार एकच राहू दे," असे तिला म्हणावे. आपला नेम दृढ ठेवावा आणि वाणी मृदू ठेवावी.

असमर्थ देहाने धर्म कसा आचरावा?

व्याधीत साधकाला अनेकदा रोगापेक्षा अधिक सलते ते हे की, नित्यविधी सुटतात. रिद्धपूर, डोमेग्राम येथे जाणे होत नाही, पोथी हाती धरवत नाही, दंडवत घालता येत नाही.

परमेश्वराच्या असन्निधानात साधकाला स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक ही चार साधने सांगितली आहेत. स्थानाला जाण्याची शक्ती नसेल तर प्रसाद उशाशी ठेवून वंदन करता येते. आपण भिक्षुकांकडे जाऊ शकत नाही, तेव्हा भिक्षुकांनी व वासनिकांनी रोग्याकडे जावे. एक साधन बंद झाले म्हणजे चारही बंद झाली असे होत नाही.

या चारांखेरीज स्मरण आहे, आणि ते कोणतीही व्याधी सहसा हिरावून घेऊ शकत नाही. नाम, मूर्ती, लीला व चेष्टा यांचे स्मरण जिभेवर अवलंबून नाही. किरणोपचाराने तोंड आतून सोलवटले, बोलणे अशक्य झाले, किंवा जिभेचाच भाग शस्त्रक्रियेत गेला, तरी स्मरण हे मनाचे कर्म असल्याने ते अखंड राहू शकते. किरणोपचार साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. प्रत्येक वेळी चेहऱ्यावर घट्ट जाळीदार मुखवटा बसवून रोग्याला काही मिनिटे निश्चल पडावे लागते. अनेकांना त्या मुखवट्याचेच भय वाटते. साधकाने ती मिनिटे नामासाठी राखून ठेवावी. देह बांधलेला असतानाच मन मोकळे कसे राहते, याचा अभ्यास तेथे घडतो.

लीलास्मरणासाठी एकच लीला निवडावी, पुष्कळांची धावाधाव करू नये. स्वामींनी पारध्यांपासून सशाचे रक्षण केल्याची लीला आपण बालपणापासून ऐकतो. त्या सशाने काय साधना केली होती? त्याच्याजवळ ना पाठांतर होते, ना विधी. तो भयाने धापा टाकीत आश्रयाला आला, एवढेच. ज्या दिवशी काहीच करवत नाही, त्या दिवशी साधकाने तेवढेच करावे.

लीळाचरित्राचा इतिहासही व्याधिग्रस्ताला धीर देणारा आहे. स्वामींच्या वियोगानंतर नागदेवाचार्य लीलांचे स्मरण करीत राहिले. त्या स्मरणातून आणि माहीमभटांच्या परिश्रमांतून तो ग्रंथ सिद्ध झाला. पुढे धाडीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा ज्यांच्या कंठी व चित्ती लीला होत्या, त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. डोळे अधू झाले, हात कापू लागले आणि पोथी दूर राहिली, तर ही गोष्ट ध्यानी आणावी. म्हणूनच निरोगी असताना पाठांतराचा आळस करू नये, हा बोध ज्यांना आज व्याधी नाही त्यांच्यासाठी आहे.

वेदनाशमनाचा प्रश्न

तीव्र वेदनेसाठी वैद्य मॉर्फीन सुचवितात तेव्हा काही साधक बिचकतात. ते अफूपासून होते, व्यसनाचा दोष लागेल, असे त्यांना वाटते. व्यसनात माणूस सुखासाठी द्रव्य घेतो आणि त्याच्या अधीन होतो. येथे पीडा शमावी म्हणून, मोजून, वैद्याच्या देखरेखीखाली ते घेतले जाते. वेदना असह्य असते तेव्हा मन दुसरे काही धरूच शकत नाही. ती शमली तर स्मरणाला अवसर मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांवर पायरी-पायरीने औषध वाढविण्याची पद्धत सांगितली आणि भारतात २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अशी औषधे रुग्णांपर्यंत पोहोचण्यातील अडथळे कमी करण्यात आले. औषधाने गुंगी फार येत असेल तर वैद्यांना सांगावे. मात्रा बदलता येते. वेदना सोसून दाखविणे हे स्वतः साध्य नाही.

सेवा करणाऱ्यांस

बाइसांनी स्वामींच्या भोजनाची व विश्रांतीची चिंता किती निष्ठेने वाहिली, हे लीळाचरित्राचे वाचक जाणतात. नागदेवाचार्य व इतर भक्तजन श्रीप्रभूंच्या सेवेत त्यांनी देह त्यजीपर्यंत राहिले. परमेश्वराची सेवा आणि रोग्याची शुश्रूषा ही एक नव्हेत; पण सेवकाची वृत्ती तेथून शिकता येते. सेवेत उपदेश कमी असावा आणि काम अधिक असावे. तोंडात व्रण असलेल्याला घोटभर पातळ पेज वेळेवर मिळणे, हे दहा धीराच्या शब्दांहून अधिक होय. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. म्हणून रोग्याची ताट-वाटी वेगळी काढून त्याला दुरावू नये.

दुसरे असे की, रोग्यापासून त्याचा रोग लपवू नये. आपला काळ किती उरला याचा अंदाज नसेल तर साधकाला आपली क्षमायाचना, प्रायश्चित्त, देणे-घेणे व स्मरणाची तयारी करता येत नाही. त्याने विचारले तर प्रेमाने खरे सांगावे. त्याला ऐकायचे नसेल तर आग्रह करू नये. आणि सेवा करणाऱ्यानेही स्वतःची झोप व आहार सांभाळावा. एकट्याने सर्व भार घेऊ नये. गावातील वासनिकांनी पाळीपाळीने रात्र वाटून घ्यावी.

उपसंहार

गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाचा विचार आला आहे. अंतकाळचे स्मरण हे त्या क्षणी नव्याने उत्पन्न होत नाही. आयुष्यभर मन जिकडे वळविले, तिकडेच ते वळते. व्याधिकाळ हा त्या वळणाचा अभ्यास आहे. रोग बरा झाला तर साधक अधिक जागृत होऊन नित्यधर्माला परत येतो. न झाला, तरी जे मिळवायचे ते त्याच्या हातून निसटलेले नसते. दोन्ही परिणामांत जे टिकते, त्याच धैर्याला आपल्या पंथात धैर्य म्हणावे.

ज्यांच्या घरी आज अशी व्याधी आहे, त्यांनी हा पाठ एका बैठकीत न वाचता, रोग्याच्या शक्तीप्रमाणे थोडा थोडा वाचून दाखवावा.

मननार्थ प्रश्न

१. वेदना मिथ्या आहे असे म्हणणे आपल्या चार पदार्थांच्या विचाराशी का जुळत नाही?
२. अनुताप व आत्मधिक्कार यांतील भेद स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. भिक्षान्न व औषध यांची तुलना कोणत्या अर्थाने केली आहे?
४. स्थानाला जाणे अशक्य झालेल्या साधकाला असन्निधानातील कोणती साधने उरतात?
५. आपल्या गावात दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेले कोणी उपदेशी आहेत काय? त्यांच्याकडे या आठवड्यात कोण जाणार आहे?

सर्व साधकांस दंडवत प्रणाम.